थोडासा कडेलोट : एका स्टाफ नर्सच्या क्रियाविशेषणांचं प्रकरण

‘इट स्लाइटली प्लमेटेड टू ६६.’

इंग्रजी परीक्षेच्या सरावाच्या वहीतलं, आलेखाचं वर्णन करणारं हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि लगेच त्याचं मराठी करून सांगितलं, ‘त्याचा थोडासा कडेलोट झाला आणि तो ६६ वर आला.’ समोर बसलेल्या सिस्टर आधी हसल्या, मग ओशाळल्या. ‘पण सर, स्लाइटली पण यादीत आहे आणि प्लमेटेड पण यादीतच आहे की.’

म्हणणं खरं होतं. यादी त्यांच्या आधीच्या क्लासमधली. दोन पानांची झेरॉक्स, वर ठळक अक्षरांत ‘वजनदार शब्द’. डावीकडं क्रियापदं, उजवीकडं क्रियाविशेषणं, आणि सूचना अशी की डावीकडचा कोणताही उचला, उजवीकडचा कोणताही लावा, एकही दोनदा वापरू नका. जेवणाच्या ताटात डावी-उजवी बाजू असते, पण म्हणून कोणी खिरीवर ठेचा वाढत नाही. इथं नेमकं तेच झालं होतं.

थोडी पार्श्वभूमी. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, त्यामुळं माझ्याकडं आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीला येणाऱ्यांत नर्सेस बऱ्याच असतात. या सिस्टरांनी मेडिकल वॉर्डात आठ वर्षं काढलेली. ब्रिटनमध्ये नोंदणी करायची, तर तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ७ मागते, लेखनात ६.५. डिसेंबर २०१८ च्या आधी लेखनातही ७ च लागत, म्हणजे आताची अट त्यातल्या त्यात सैल. सिस्टरांचे बाकीचे तीन भाग पार झाले होते. लेखनात मात्र दोनदा ६ वरच गाडी अडलेली. अर्ध्या बँडसाठी, म्हणजे अर्ध्या गुणासाठी, दोनदा फी गेली होती, आणि तिसऱ्यांदा भरायची की नाही यावरून घरात कुरबुर चालू होती.

अकॅडमिक परीक्षेच्या लेखनात दोन प्रश्न. दुसरा निबंधाचा, त्याला दुप्पट वजन. पहिल्यात आलेख, तक्ता किंवा असंच काही देतात आणि किमान १५० शब्दांत त्याचं वर्णन मागतात. वीस मिनिटांत उरकावं अशी अपेक्षा. सिस्टरांचे निबंध मी तपासले, ते बरे होते. घोळ आलेखात होता, आणि आलेखातही आकडे वाचण्यात नव्हता. आकडा वाढला की घटला हे सांगून झाल्यावर ‘कसा’ हे सांगायची वेळ आली, की पेन घसरायचं.

वहीत काय होतं

सरावाला मी मुद्दाम त्यांच्या ओळखीचा विषय दिला होता : भारताचा अर्भक मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं. जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीचे आकडे असे आहेत : १९७१ मध्ये १२९, १९८१ मध्ये ११०, १९९१ मध्ये ८०, २००१ मध्ये ६६, २०११ मध्ये ४४ आणि २०२० मध्ये २८. मी साधी एक रेघ काढून दिली, डावीकडून उजवीकडं उतरत जाणारी.

सिस्टरांनी लिहिलं ते देवनागरीत उतरवून देतो, चुकांसकट :

‘इन १९७१ द रेट वॉज १२९ अँड इट ड्रास्टिकली डिक्रीज्ड टू ११०. देन देअर वॉज अ शार्पली फॉल टू ८०. आफ्टर दॅट इट स्लाइटली प्लमेटेड टू ६६. इट वॉज फ्लक्च्युएटिंग स्लोली स्लोली अँड रीच्ड ४४. फायनली इट ड्रास्टिकली डिक्रीज्ड टू २८.’

पाच वाक्यं, आणि प्रत्येकात क्रियाविशेषण ठेचकाळलेलं. व्याकरणाची म्हणावी अशी चूक मात्र एकच, ‘अ शार्पली फॉल’. बाकीची वाक्यं व्याकरणात बसतात, कानाला खटकतात. परीक्षकाकडं शब्दसंपदेसाठी वेगळा निकष असतो आणि त्यात शब्दांची संगत, म्हणजे कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो, हेही पाहिलं जातं. यादीत याचा उल्लेखही नव्हता.

सुरुवात ‘ड्रास्टिकली’पासून केली, कारण ते दोनदा आलं होतं आणि आपल्याकडच्या इंग्रजीत ते मिठासारखं पडतं. पेट्रोल ड्रास्टिकली वाढतं, वजन ड्रास्टिकली उतरतं, पाऊस ड्रास्टिकली येतो. या शब्दाचं मूळ सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. सतराव्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत आला तो वैद्यकातून, जालीम औषधासाठी. जोरदार जुलाबांना ‘ड्रास्टिक’ म्हणत. जमालगोट्याचं तेल याच वर्गातलं.

‘म्हणजे १२९ चे ११० व्हायला दहा वर्षं लागली, आणि मी म्हणतेय जमालगोटा दिला?’

अगदी तसंच. आज त्या शब्दाला जुलाबाचा वास उरलेला नाही, पण कठोरपणा उरला आहे. कोणीतरी हात उचलून केलेली कपात, घेतलेला टोकाचा उपाय, यांच्याशी तो शोभतो : खर्च ड्रास्टिकली कापला, नियम ड्रास्टिकली बदलले. दहा वर्षांत १९ अंकांनी आपसूक उतरलेल्या रेघेला तो फार होतो.

‘प्लमेट’ची कथा याहून सोपी. प्लमेट म्हणजे गवंड्याचा ओळंबा. शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडला की तो थेट खाली जातो, रमतगमत जात नाही. त्या शब्दातच वेगही आहे आणि खोलीही. म्हणून त्याला ‘स्लाइटली’ लावलं की कडेलोट थोडासा होतो, आणि ‘शार्पली’ लावलं तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. अशी क्रियापदं स्वतःचं क्रियाविशेषण पोटात घेऊनच येतात. ‘सोअर’ तसंच, ‘सर्ज’ही तसंच. उलट ‘राइज’, ‘फॉल’, ‘इन्क्रीज’, ‘डिक्लाइन’ ही कोरी क्रियापदं. त्यांना नुसती दिशा कळते, बाकीचं तुम्ही सांगायचं.

‘फ्लक्च्युएट’ इथं बसतच नव्हतं. त्याच्या मुळाशी लाट आहे, खाली आणि वर दोन्ही हवं. आपली रेघ एकदाही वर गेलेली नव्हती.

मराठी कुठं आडवी आली

यादीला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो, पण निम्मा दोष यादीचा नव्हता. सिस्टर मराठीत विचार करत होत्या आणि मराठीच्या सवयी जशाच्या तशा पलीकडं नेत होत्या. यात कमीपणा काहीच नाही. कुठं काय घडलं ते मात्र पाहायला हवं.

‘अ शार्पली फॉल’ घ्या. आपण म्हणतो, ‘झपाट्यानं घट झाली.’ यात ‘घट’ हे नाम आहे, तरी त्याच्या आधी ‘झपाट्यानं’ हे क्रियाविशेषण खुशाल बसतं, कारण आपल्या कानाला ‘घट होणे’ हे मिळून एकच क्रियापद असतं. इंग्रजीत मात्र ‘फॉल’ नाम म्हणून आलं, त्याच्या आधी ‘अ’ लागला, की शेजारी विशेषणच हवं : ‘अ शार्प फॉल’. क्रियापद म्हणून आलं तरच ‘फेल शार्पली’. ही चूक मी मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली मूळ मराठी वाक्य मला समोर लिहिल्यासारखं दिसतं.

‘स्लोली स्लोली’ म्हणजे उघडच ‘हळूहळू’. आपल्याकडं शब्द दोनदा म्हटला की क्रिया पसरते, टप्प्याटप्प्यानं होते. इंग्रजीत तो पसरटपणा ‘ग्रॅज्युअली’ या एकाच शब्दात आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी पायरी आहे. पायरीपायरीनं. ‘स्लोली’ नुसता वेग सांगतं.

जागेचाही प्रश्न होता. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून ‘खूप’, ‘एकदम’, ‘जरासं’ ही सगळी मंडळी त्याच्या आधी येतात : एकदम कमी झालं. तेच वळण घेऊन ‘ड्रास्टिकली डिक्रीज्ड’. हे चूक नाही, इंग्रजी वर्तमानपत्रांतही सापडतं. पण आलेखाच्या वर्णनात क्रियाविशेषण सहसा क्रियापदाच्या मागं येतं आणि आकडे त्याच्या मागं : ‘फेल शार्पली फ्रॉम ११० टू ८०’. सगळे आकडे संपल्यावर शेवटी ते टांगून ठेवलं, तर कशाबद्दल होतं हेच वाचणारा विसरतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार ‘खूप’. ‘खूप कमी झालं’ म्हणताना किती कमी झालं तेही सांगतो आणि कधीकधी किती लवकर तेही. ‘झपाट्यानं’मध्येही वेग आणि आकार गुंतलेले असतात. इंग्रजीतही असे जोडशब्द आहेत, ‘शार्पली’ हा त्यातलाच : मोठं आणि लवकर, दोन्ही. पण बरेचसे शब्द एकाच गोष्टीपुरते बोलतात. ‘कन्सिडरेबली’ आणि ‘सब्स्टॅन्शियली’ आकाराबद्दल बोलतात, वेगाबद्दल गप्प. ‘रॅपिडली’ वेगाबद्दल बोलतं, आकार सांगत नाही. ‘सडनली’चा भर तर मुख्यतः अपेक्षा नव्हती यावर असतो.

आणि ‘स्टेडिली’. हा शब्द बहुतेकांना ‘हळू’ वाटतो. तो हळूही नाही आणि जोरातही नाही, तो एकसारखा. मी उदाहरण शोधत होतो, ते सिस्टरांनीच दिलं. ‘सलाईनसारखं. मिनिटाला वीस थेंब लावा नाहीतर साठ लावा, एका लयीत पडलं की स्टेडी.’ यानंतर ‘स्टेडिली’ समजवायला मी दुसरं उदाहरण वापरलेलं नाही.

टीपीआर शीट

सलाईनच्या त्या वाक्यानंतर माझ्या डोक्यात आलं की या बाई रोज आलेखच तर वाचतात. पुढच्या वेळी मी त्यांना वॉर्डातली कोरी टीपीआर शीट घेऊन यायला सांगितलं. ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा तो कागद, खाटेच्या पायथ्याशी लटकतो तो. त्यावर मी पेन्सिलीनं तीन-चार तापांच्या कमानी काढल्या आणि म्हटलं, इंग्रजी विसरा. नाइटच्या सिस्टरला तुम्ही ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, कशी द्याल ते सांगा.

पहिल्या कमानीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘दुपारी दोनला एकशेतीन होता. पॅरासिटामॉल दिलं, घाम आला, तासाभरात शंभरवर आला. नॉर्मलला काही लागला नाही. आठला परत एकशेदोन.’

मी त्यांना विचारलं, यात क्रियाविशेषण कुठं आहे?

नव्हतंच. वेळ होती, आकडा होता, कारण होतं. चांगली ओव्हर अशीच असते, आणि चांगलं आलेखवर्णनही बरंचसं असंच असतं. क्रियाविशेषण यायचं ते निदान म्हणून. आकड्यांवर नजर फिरवून झाली की मग एक शब्द. आणि तसे शब्द त्यांच्याकडं नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून होते. दिवसभरात साधारण एक अंश सेल्सिअसच्या आत हलणारा आणि नॉर्मलला न लागणारा ताप तो कंटिन्युअस. त्याहून जास्त वर-खाली होणारा, तरी नॉर्मलला न लागणारा, तो रेमिटंट. रोज काही तास पूर्ण उतरून परत चढणारा इंटरमिटंट. टायफॉइडचा ताप पुस्तकात पहिल्या आठवड्यात जिन्यासारखा चढतो. उतरण्याचेही दोन प्रकार : घाम फुटून काही तासांत खाली आला तर क्रायसिस, दिवसादिवसानं उतरला तर लायसिस.

मग मी इंग्रजी शब्द त्या कमानींखाली लिहायला लावले. लायसिसखाली ‘ग्रॅज्युअली’. क्रायसिसखाली त्यांनी आधी ‘सडनली’ लिहिलं, खोडलं, ‘शार्पली’ केलं. का खोडलंत, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘औषध देऊन उतरलाय ना, सडन कसला? आम्ही वाटच बघत होतो.’ रेमिटंटखाली ‘फ्लक्च्युएटेड’, आणि पुढं स्वतःहून ‘बट नेव्हर रीच्ड नॉर्मल’. टायफॉइडच्या जिन्याखाली परत ‘ग्रॅज्युअली’, कारण पायरी.

एक गोष्ट टीपीआर शीटवर सापडत नव्हती. एकाच माणसाचा ताप काळानुसार बदलतो तो बदल तिथं दिसतो, पण दहा खाटांवरचे दहा ताप एकमेकांहून वेगळे असतात तो फरक दिसत नाही. दुसऱ्याला इंग्रजीत ‘व्हेरी’ म्हणतात आणि त्याच्याशी ‘वाइडली’ची सोयरीक. २०२० मध्ये अर्भक मृत्युदर केरळात ६ होता, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. इथं कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. नुसती रुंदी आहे. म्हणून ‘व्हेरीज वाइडली’. चढउतारात जोरदार हेलकावे असतील तर ‘फ्लक्च्युएटेड वाइल्डली’. ‘वाइडली’ आणि ‘वाइल्डली’ यांत कानाला एका ‘ल’चा फरक, आणि सिस्टरांनी तो दोन आठवडे उलटसुलट केला. मीही एकदा फळ्यावर चुकीचा लिहिला.

दुसरा खर्डा

तोच आलेख परत लिहायला दिला. या वेळी आलं ते असं :

‘द रेट फेल स्टेडिली, फ्रॉम १२९ इन १९७१ टू २८ इन २०२०. इट ड्रॉप्ड शार्पली इन द १९८०ज, फ्रॉम ११० टू ८०, बट द डिक्लाइन स्लोड नोटिसेबली इन द फॉलोइंग डिकेड.’

पहिल्या खर्ड्याशेजारी ठेवलं तर हे दुसऱ्याच कोणाचं वाटावं. तरी मी ‘स्टेडिली’वर गोल केला. दर टप्प्याची घट काढा : १९, ३०, १४, २२, आणि शेवटच्या नऊ वर्षांत १६. सलाईन एका लयीत पडत नाहीय. शिवाय पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणता की एक दशक जोरात गेलं आणि पुढचं मंदावलं. दोन्ही एकदम कसं खरं?

सिस्टर अडून बसल्या. ‘कंटिन्युअस तापात पण एक अंश इकडंतिकडं चालतंय की, सर. पन्नास वर्षांची रेघ आहे, लांबून बघितली तर सरळच दिसतेय.’ मुद्दा बिनतोड नव्हता, पण होता. अर्ध्या शतकाच्या रेघेला ‘स्टेडिली’ म्हणणारे इंग्रज कमी नसतील. शेवटी तह झाला तो असा : ‘फेल थ्रूआउट द पिरियड, मोस्ट शार्पली इन द १९८०ज’. ‘थ्रूआउट’ लयीबद्दल काहीच कबूल करत नाही, एवढंच सांगतं की रेघ कुठंही वळली नाही.

मला वाटलं, संपलं. सिस्टरांचं संपलं नव्हतं. ‘सर, ८० च्या दशकात सगळ्यात जास्त घट म्हणताय. पण ४४ चे २८ होणं हे ११० चे ८० होण्यापेक्षा मोठं आहे. शेवटची बाळं वाचवणं सगळ्यात अवघड असतं.’

हिशेब केला. ११० वरून ८० म्हणजे २७ टक्के घट. ६६ वरून ४४ म्हणजे ३३ टक्के. ४४ वरून २८ म्हणजे ३६ टक्के, तेही नऊच वर्षांत. अंकांत पाहिलं तर ८० चं दशक पुढं, प्रमाणात पाहिलं तर शेवटचं. ‘शार्पली’ हा उताराचा शब्द, रेघ किती तिरपी आहे ते सांगणारा, म्हणून तो ८० च्या दशकालाच लागतो. पण शेवटच्या नऊ वर्षांसाठी मला नेमकं क्रियाविशेषण सुचेना, आणि मला वाटतं इथं शोधूही नये. ‘फेल बाय मोअर दॅन अ थर्ड’ असं लिहून टाकावं. एकतृतीयांश म्हटल्यावर वर आणखी विशेषणं कशाला? सिस्टरांनी तसंच लिहिलं.

तिसऱ्या वेळी लेखनात ६.५ आले. त्याचं श्रेय टीपीआर शीटला द्यायचा मोह होतो, पण निबंधाचं वजन दुप्पट असतं आणि त्या दोन महिन्यांत निबंधही बरेच लिहून झाले होते. नेमकं कशानं जमलं ते गुणपत्रिकेत लिहून येत नाही.

सिस्टर आता इंग्लंडमधल्या एका मेडिकल वॉर्डात आहेत. तिथं पोचल्यावर महिन्याभरानं त्यांचा व्हॉइस मेसेज आला. सकाळच्या ओव्हरमध्ये कोणीही ‘सिग्निफिकंटली’ म्हणत नाही, म्हणाल्या. नाडी हळूच वाढत असली की ती ‘क्रीपिंग अप’ असते, ताप पूर्ण उतरला की ‘कम राइट डाउन’. आणि त्या दिवशी एका म्हाताऱ्या पेशंटचं चढलेलं बीपी खाली आलं होतं, त्याबद्दल इन्चार्ज म्हणाली, ‘इट्स कमिंग डाउन नाइसली.’

‘सर, हे नाइसली कशात घालायचं? वेगात का आकारात?’

मी यादी काढून पाहिली. दोन्ही पानांवर नव्हतं. मग त्यांना उलट विचारलं, मिरजेत असा पेशंट असता तर तुम्ही काय म्हणाला असता?

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग हसू. ‘छान उतरतंय म्हटलं असतं.’